बोगदा लागतो तेव्हा

आगगाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा आस्वाद हा सौंदर्यानुभवाचा निर्मळ नमुना मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. त्याला कारणही आहे. प्रवासी जो डोंगर पाहतो तो त्याला चढायचा नसतो, विकत घ्यायचा नसतो, त्याच्या उतारावर नाचणी पेरायची नसते. दृश्याशी काही व्यवहार जुळण्यापूर्वीच ते मागे पडते. एडवर्ड बुलो याने १९१२ मध्ये मानसिक अंतराची संकल्पना मांडताना समुद्रावरील धुक्याचे उदाहरण घेतले होते. पण त्या धुक्यातील प्रवाशाला अपघाताची भीती निदान प्रयत्नपूर्वक बाजूला सारावी लागते. घाट चढणाऱ्या गाडीतील प्रवाशाला तेवढाही प्रयास पडत नाही. अंतर त्याला आयते मिळते. प्रश्न या आयतेपणाचा आहे.

कांटने या प्रश्नाच्या एका रूपाला १७९० मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे. 'क्रिटिक ऑफ जजमेंट'च्या आरंभी तो राजवाड्याचे उदाहरण देतो. हा वाडा सुंदर आहे काय, असे विचारले असता कोणी रूसोच्या थाटात उत्तर देईल की अशा निरुपयोगी वस्तूंवर थोरामोठ्यांनी लोकांचा घाम उधळला आहे. कांट हे सारे मान्य करायला तयार आहे. एवढेच, की विचारलेला प्रश्न हा नव्हे. वस्तूच्या अस्तित्वाविषयीची आस्था आणि तिच्या रूपाविषयीचा अभिप्राय या दोन गोष्टी त्याच्या मते भिन्न आहेत. अलौकिकतावादी सौंदर्यविचाराला आजही हाच आधार पुरतो.

परंतु हा युक्तिवाद राजवाड्याला जसा लागू पडतो तसा आगगाडीला पडतो काय? राजवाड्यापुढे प्रेक्षक उभा असतो आणि घाम समोरच्या वस्तूत मुरलेला असतो. आगगाडीत समोरची वस्तू म्हणजे डोंगर. तो कोणी घडवलेला नाही. घाम मुरला आहे तो प्रेक्षकाच्या बैठकीखाली. येथे प्रेक्षक राजवाड्यासमोर नसून राजवाड्यात बसून बाहेर पाहत आहे. ज्या तटस्थतेच्या बळावर श्रमाचा प्रश्न अप्रस्तुत ठरवायचा, ती तटस्थताच श्रमाने निर्माण झालेली आहे. म्हणून 'विचारलेला प्रश्न हा नव्हे' हे कांटचे उत्तर या ठिकाणी अपुरे पडते.

भोर घाटाचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. जी.आय.पी. रेल्वेच्या या चढणीचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ च्या आरंभी चाळीस हजारांहून अधिक मजूर एकाच वेळी राबत होते. मजुरीच्या कारणावरून १८५९ च्या जानेवारीत त्यांचा उद्रेक झाला. पाठोपाठ पटकीच्या साथी आल्या. या बांधकामात सुमारे पंचवीस हजार माणसे दगावली असावीत, असा रेल्वेमजुरांचे इतिहासकार इयन केर यांचा अंदाज आहे. त्याला अंदाजच म्हणावे लागते. पुलांच्या कमानींची मोजदाद चोख आहे, मेलेल्यांची नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. मग वेरूळचे कैलास लेणेही आस्वादातून बाद करावे काय? तोही सह्याद्रीच्याच जातीचा काळा कातळ आणि तेथेही नाव न उरलेले हात. परंतु कैलासात छिन्नीचे घाव दिसतात; शिखरापासून पायथ्याकडे उतरत गेलेले श्रम हाच त्या रूपाचा अन्वय आहे, आणि त्यांचे भान आल्याने विस्मय कमी न होता वाढतो. घाटातील बोगदा मात्र असे काहीच दाखवत नाही. जेथे सर्वाधिक काम झाले नेमके तेथेच दृश्य संपते. काच काळी होते आणि तीत प्रवाशाला स्वतःचा चेहरा दिसतो. दरी पुन्हा उघडेपर्यंतचा विराम एवढेच त्याचे स्थान. (या विरामामुळे दृश्याला लय येते, हेही खरे; पडदा पडल्याशिवाय प्रवेश कसा बदलणार?)

वोल्फगांग शिवेलबुश याने आपल्या १९७७ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की रेल्वेने नुसती नवी दृश्ये पुरवली नाहीत, पाहण्याची रीतच नव्याने घडवली. वेगामुळे रुळालगतचा पट्टा पुसट झाला, नजर दूर सरकली. त्या पुसट पट्ट्यातच गँगमन उभा असतो. घाटात गाडी मंदावते तेव्हा तो स्पष्ट दिसू शकतो. पण तोवर नजरेला दूर पाहण्याची सवय जडलेली असते. कर्जतला मागे जोडलेली बँकर इंजिनेही अशीच. गाडी रेटतात, आणि खिडकीतून दिसत नाहीत.

मराठीपुरते बोलायचे तर या दृष्टीचे व्याकरण बोलभाषेतच तयार आहे. 'घाट लागतो', 'बोगदा लागतो', 'स्टेशन येते'. तहान लागावी, ऊन लागावे, तसा बोगदा लागतो. तो कोणी केलेला नसतो. प्रवासवर्णनांत डोंगर मागे सरतात, दरी उघडते, धबधबा सामोरा येतो. कर्तेपण निसर्गाकडे जाते आणि लोहमार्गाला वाक्यात जागाच उरत नाही. याला लेखकांची असंवेदनशीलता म्हणणे अन्यायाचे होईल. वाक्यरचनेने त्यांच्या आधीच निर्णय घेतलेला असतो. समीक्षेने मात्र या रचनेला निव्वळ शैली समजून पुढे जाऊ नये.

मग प्रवाशाने करावे काय? अपराधभाव हा मार्ग नव्हे. मृतांच्या स्मरणाने हळवे होऊन दरी पाहणे हा त्याच आस्वादाचा अधिक तलम प्रकार ठरण्याची भीती आहे. दुःखही दृश्यात जमा होते. दुसरीकडे, २०२१ पासून मुंबई-पुणे मार्गावर काचेच्या छताचे, फिरत्या खुर्च्यांचे विस्टाडोम डबे आले. कांटने ज्याला हितसंबंधनिरपेक्ष म्हटले तो आनंद आता वेगळ्या भाड्याने मिळतो. यात हसण्यासारखे आहे, पण ढोंग नाही. इतकी वर्षे इतर डब्यांनी झाकून ठेवलेला व्यवहार या डब्याने उघड केला, एवढेच. आणि त्याच गाडीच्या अनारक्षित डब्यात दाराशी दाटून उभ्या असलेल्या माणसाला दरी बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावरून, अर्धीच दिसते. अंतर सर्वांना सारखे आयते मिळत नाही.

दरी सुंदर आहे, हा अभिप्राय मागे घेण्याचे कारण नाही. तो कोठून दिला गेला, हे त्या अभिप्रायातच आणावे लागेल. तळटीप म्हणून ते पुरणार नाही. त्यासाठी भाषेत सोय नाही असेही नाही. 'लागणे' हे क्रियापद खोदणाराही वापरतो. विहिरीला पाणी लागते, पहारीला कातळ लागतो. तेथे त्याचा अर्थ आपसूक समोर येणे असा नसून हाताला झिणझिण्या आणणारा अडथळा असा असतो. प्रवाशाला बोगदा लागतो. ज्याने तो पाडला त्याला आधी कातळ लागला होता.