गुपित आणि गळफास

नागपूरच्या धरमपेठेत, लक्ष्मीभुवन चौकात संध्याकाळी चहा घ्यायला उभं राहिलं की देशद्रोह्यांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. २०१८च्या ऑक्टोबरात ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या नागपूर केंद्रातला एक तरुण अभियंता हेरगिरीच्या आरोपावरून पकडला गेला, तेव्हाही लागला होता. लटकवा!

कोर्टाचं काम सावकाश चाललं. फेसबुकवर बायकांच्या नावाची खोटी खाती, परदेशी नोकरीचं आमिष, स्वतःच्या लॅपटॉपवर क्षेपणास्त्राच्या फायली. जून २०२४मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. डिसेंबर २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून मुक्त केलं. हयगयीबद्दलची तीन वर्षांची शिक्षा तेवढी कायम राहिली, आणि ती तर केव्हाच भोगून झाली होती. विकला गेलेला माणूस आणि गाफील माणूस यांतला फरक ठरायला सात वर्षं लागली.

आणि गुपित अणुबॉम्बचं असतं तर? लाखो जिवांचा प्रश्न आहे, हा मुद्दा हलका नाही. पण अमेरिकेने तो कसा सोडवला ते पाहा. अणुबॉम्बची गुपितं सोव्हिएतांना दिल्याच्या आरोपावरून ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दांपत्याला १९ जून १९५३ला विजेच्या खुर्चीत मारलं. शिक्षा सुनावताना न्यायमूर्ती कॉफमन यांनी कोरियातल्या युद्धाचं खापरही त्यांच्यावर फोडलं. ज्युलियस सोव्हिएतांसाठी काम करत होता, यात आता शंका नाही. एथेलने मात्र टिपणं टाइप केली, असं साक्षीत सांगणारा तिचा सख्खा भाऊ म्हातारपणी म्हणाला, की ते त्याला आठवतही नव्हतं. त्याला स्वतःच्या बायकोला वाचवायचं होतं. आणि बॉम्बची रचनाच मॉस्कोला पोचवणारा शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स? ब्रिटनने त्याला १४ वर्षं दिली, नऊ वर्षांत तो सुटला. गुपित मोठं म्हणून फास मोठा, असा हिशेब कुठेच दिसत नाही.

फाशीने धाक बसेल म्हणावं, तर फुक्स विचारसरणीपायी गेला होता, आणि खोट्या खात्याच्या जाळ्यात अडकणाऱ्याला आपण हेर झालोय हेच ठाऊक नसतं. बाहेर गेलेलं गुपितही फाशीने परत येत नाही.

मला खरी भीती वेगळीच वाटते. अशा खटल्यात पुरावाच गोपनीय असतो. आपला १९२३चा शासकीय गुपिते कायदा सुनावणीच्या वेळी लोकांना बाहेर काढू देतो, आणि काही वेळा त्याला इलाजही नसतो. मग साक्ष खोटी आहे, हे बाहेरच्या कुणाला कळणार कसं? जिवंत कैद्याला निदान अपील करता येतं.

भारताच्या कुलभूषण जाधवांना हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७मध्ये बंद दाराआड फाशी सुनावली. नागपुरात वाढलेले हरीश साळवे एक रुपया मानधनावर भारताच्या बाजूने हेगला उभे राहिले, आणि २०१९च्या जुलैत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. तेव्हा आमच्या चौकात कुणीही म्हणालं नाही, की त्यांनी पकडलेला हेर आहे, त्यांचं न्यायालय आहे, लटकवू द्या.