तुटलेला ढग आणि तुटलेला कृमी



आजचे श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४३.

अर्जुनाचा प्रश्न आधी नीट ऐकू या. तो विचारतो, श्रद्धा आहे, पण मन मध्येच ढळलं आणि साधना तुटली, तर त्या माणसाचं काय होतं? ना संसार धड, ना परमार्थ. मोठ्या ढगापासून फाटून निघालेला तुकडा आभाळात विरून जातो, तसा तोही विरून जातो का? गीतेतल्या कितीतरी शंका आपल्यापासून लांबच्या वाटतात. ही मात्र आपली आहे. भाईंदर लोकलमध्ये बसायला मिळालं की रोज चार ओव्या वाचायच्या, असं ठरवलेल्या प्रत्येकाची. ॲपवरची ९० दिवसांची स्ट्रीक एका रात्रीत शून्यावर आली की हेच वाटतं, गेलं सगळं.

एका ताईंनी मागच्या आठवड्यात लिहिलं. वडील गेले, तेव्हापासून आठ महिने घरात ज्ञानेश्वरी उघडलेली नाही. वडील रोज संध्याकाळी वाचायचे, त्या शेजारी बसायच्या. "आता कुठल्या तोंडाने उघडू?" असं विचारलंय त्यांनी.

त्यांच्यासाठी उत्तर शोधताना मला एक कृमी आठवला. हसू नका, ऐका.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत गांडुळं वर येतात आणि "दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात" म्हणत मुलं काडी घेऊन मागे लागतात. तसं होत नाही. पुढचा भाग पुरेसा शाबूत असेल तर त्याला शेपूट पुन्हा फुटू शकते, मागचा तुकडा सहसा मरतो. मुलांना एवढं सांगाच.

पण असे जीव आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गोड्या पाण्यातल्या हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. आपल्याकडच्या एका वाणाला तर 'इंड-पुणे' असंच नाव आहे. त्याचं डोकं कापलं तर दोन-तीन दिवसांत नवं येतं. हायड्रा कृमी नव्हे. कृमींमध्ये या बाबतीतला राजा म्हणजे प्लॅनेरिया, नखाएवढा चपटा जीव. १८९८ साली टॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाने त्याचे तुकडे करून पाहिले. शरीराच्या २७९व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पुरा कृमी उभा राहतो, अशी त्याच्या नावावरची नोंद आजही सांगितली जाते.

कसा राहतो उभा? त्याच्या अंगभर 'निओब्लास्ट' नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात, एकूण पेशींच्या साधारण २० ते ३० टक्के. डोळा, मेंदू, आतडं, जे तुटलं असेल ते त्या घडवतात. किरणोत्सर्गाने या पेशी मारल्या तर कृमी दिसायला अखंड असतो, पण काही आठवड्यांत मरतो. म्हणजे अखंड दिसणारा मरतो आणि तुकडा झालेला जगतो! २०११ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत असा मरणपंथाला लागलेला कृमी घेऊन त्यात बाहेरून एकच जिवंत निओब्लास्ट सोडला. त्या एका पेशीतून काही कृमी पुन्हा सबंध घडले.

ढगाच्या तुकड्यात असं काही नसतं, म्हणून तो विरतो. भगवंत अर्जुनाची उपमाच मान्य करत नाहीत. अर्जुनाला 'तात' म्हणून, आपल्याकडे "बाळा" म्हणतात त्या मायेने, ते सांगतात की चांगलं करणाऱ्याचा नाश ना इथे होतो ना पुढे. मग ४३व्या श्लोकात म्हणतात, योगभ्रष्टाला पुढच्या देहात आधीची बुद्धी पुन्हा भेटते आणि तो तिथून पुढे प्रयत्न करू लागतो. शून्यापासून नाही, तिथून पुढे.

इथे मला २०१३चा प्रयोग आठवतो. प्लॅनेरियाला उजेड नको असतो. काही कृमींना खरखरीत तळाच्या बशीत, उजेडात येऊन खायची सवय लावली. मग त्यांची डोकी कापली. दोन आठवड्यांत नवी डोकी आली, नव्या मेंदूसकट. त्यांना त्या बशीत फक्त एकदा उजळणी दिली, आणि पुढच्या चाचणीत ते कधीच न शिकलेल्या कृमींपेक्षा लवकर खायला गेले. डोकं नसताना ती सवय कुठे राहिली, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. आणि कृपा करून याचं 'गीतेत पाच हजार वर्षांपूर्वीच स्टेम सेल' असं फॉरवर्ड करू नका. गीतेला कृमीच्या सर्टिफिकेटची गरज नाही. मला यातली ती एक उजळणी महत्त्वाची वाटते. आपोआप काही आलं नाही, पण पहिल्यापासूनही शिकावं लागलं नाही.

आता ताई, तुमच्या 'तोंडा'विषयी. प्लॅनेरियाचं तोंड असतं पोटाच्या बाजूला, अंगाच्या मध्यावर. शेपटीचा तुकडा वेगळा झाला तर त्याला तोंडच नसतं, खाता येत नाही. बाहेरून काही मिळत नसताना तो असलेल्याच अंगाची नव्याने मांडणी करतो, तोंड घडवतो, आणि आधी होता त्याहून बराच लहान, पण पुरा कृमी होतो. वाढ नंतर, खायला लागल्यावर.

म्हणून आठ महिन्यांचा बॅकलॉग काढू नका. आम्ही इंजिनिअर लोक लगेच तक्ता मांडतो, रोज दुप्पट वाचलं तर किती दिवसांत भरून निघेल! ते ऑफिसला ठीक. तुम्ही दिवा लावा, एक ओवी वाचा, अर्थ पाहा, नमस्कार करा, मिटा. लहान, पण त्यात वाचन आहे, मनन आहे, नमस्कार आहे. वडिलांची खूण पोथीत जिथे असेल तिथूनच पुढे. पहिल्या पानावर परत जायची गरज नाही. आठ महिने त्यांची रोजची वेळ झाली की तुम्हाला चुकल्यासारखं होत होतं, असं तुम्हीच लिहिलंय. ज्याच्यात काही उरलेलं नाही त्याला चुकल्यासारखं होत नाही.

उद्या श्लोक ४४ : जुना अभ्यास माणसाला त्याच्या मनाविरुद्धसुद्धा कसा ओढून नेतो. ताई, जमलं तर कुठली ओवी वाचलीत ते कळवा.

राम कृष्ण हरी.