मांडीवरचा फोन

थर्ड इयरला आम्हाला थिअरी ऑफ कम्प्युटेशन, म्हणजे टीओसी, शिकवायला एक मॅडम होत्या. वर्ष २०१७. पुण्याबाहेर, हायवेला लागून असलेलं आमचं कॉलेज. मॅडम नुकत्याच एमई होऊन आल्या होत्या, कॉन्ट्रॅक्टवर होत्या, वयाने आमच्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठ्या. आवाज बारीक. पंपिंग लेमा शिकवताना एकदा त्या बोर्डवर अडल्या. एक ओळ लिहिली, पुसली, परत लिहिली, वहीत बघितलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "एक मिनिट हं." मग परत बोर्डकडे. परत "एक मिनिट हं." तिसऱ्यांदा म्हणताना हातातून डस्टर पडला.

माझा फोन मांडीवर होता. तो नेहमीच मांडीवर असायचा. मी कॅमेरा काढला आणि अकरा सेकंद रेकॉर्ड केलं. संध्याकाळी रूमवर त्याला मागून एक गाणं जोडलं आणि क्लासच्या ग्रुपवर टाकलं. सीआर आणि सर लोक नसलेल्या ग्रुपवर. रात्रीपर्यंत तो हॉस्टेलभर फिरला. आठवड्यात मेकॅनिकलची पोरंसुद्धा कॉरिडॉरमध्ये मॅडम दिसल्या की मागून "एक मिनिट हं" ओरडायला लागली.

त्यानंतर मॅडमनी आमच्याकडे वळणं बंद केलं. घरून पानं लिहून आणायच्या, ती बोर्डवर उतरवायच्या, तास संपला की निघून जायच्या. पुढच्या सेमला त्या नव्हत्या. कॉन्ट्रॅक्ट संपलं असेल, लग्न झालं असेल, दुसरीकडे जास्त पगार मिळाला असेल. आम्ही कोणी विचारलं नाही.

हे मी आधीच सांगून टाकतोय, कारण वर्गातल्या मोबाईलबद्दल कुठेही चर्चा निघाली की ती 'एकाग्रता' या शब्दाभोवती फिरते. फोनमुळे मुलांचं लक्ष लागतं का, मार्क कमी होतात का, मेमरीवर काय परिणाम होतो. हे प्रश्न खरे आहेत, पण ते सगळे माझ्या नफ्यातोट्याचे आहेत. मला सतावणारा प्रश्न वेगळा आहे. समोर एक माणूस उभा राहून तुमच्याशी बोलतोय. त्याचं तुम्ही काही देणं लागता का?

तेव्हा माझं उत्तर तयार होतं: नाही. माझी फी, माझं नुकसान, तुम्ही कोण विचारणार? (फी बाबांची होती. पण वीस वर्षांच्या मुलाच्या युक्तिवादात ही गोष्ट येत नाही.) आणि या उत्तरात तथ्य नव्हतं असंही नाही. आम्ही वर्गात बसायचो ते ७५ टक्के हजेरीसाठी. त्याच्या खाली गेलात की नोटीस बोर्डवर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, घरी फोन, टर्मवर्क अडवण्याची धमकी. कॉलेजने आमचं शरीर मागितलं होतं, आम्ही ते बेंचवर नेऊन ठेवत होतो. डोकं कुठे ठेवायचं ते आमचं आम्ही बघणार. शिवाय निम्मी लेक्चर्स म्हणजे पीपीटी वाचून दाखवणं. जे यूट्यूबवर कोणीतरी वीस मिनिटांत, हिंदीतून, नीट समजावतो, ते ऐकायला तासभर शांत बसा ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

आमच्या बॅचचं एक वेगळं आहे, ते सांगायला हवं. फर्स्ट इयरला आमच्याकडे स्मार्टफोन होते, पण नेट नव्हतं. महिन्याच्या एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायचो, त्यामुळे डेटा चालू करायचा, व्हॉट्सअॅप बघायचं, बंद करायचा. वर्गात कंटाळा आला तर वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा. मग सेकंड इयरच्या सुरुवातीला, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं. फुकट. दुकानांसमोर रांगा, आधार कार्डाच्या झेरॉक्स, आणि दिवाळीपर्यंत अख्ख्या वर्गाच्या माना खाली. कंटाळा हा प्रकारच वर्गातून नाहीसा झाला. मला वाटतं आमचे शिक्षक हे बघून आमच्याहून जास्त गोंधळले होते. पूर्वी पोरं दंगा करायची, तेव्हा निदान कळायचं की हात सुटतोय. आता वर्ग शांत. इतका शांत, की शिकवणाऱ्याला वाटावं सगळे ऐकतायत.

'माझं नुकसान' या युक्तिवादाला पहिला तडा बऱ्याच उशिरा गेला. २०१३ मध्ये कॅनडात फारिया साना आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. तो लॅपटॉपबद्दल आहे, फोनबद्दल नाही. आणि छोटा आहे, चाळीसच्या आसपास विद्यार्थी. लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत इतरांपेक्षा ११ टक्के कमी गुण मिळाले. हे अपेक्षितच आहे. पण प्रयोगाच्या दुसऱ्या भागात अशी मुलं होती, जी स्वतः कागद-पेन घेऊन नोट्स काढत होती, फक्त त्यांच्या नजरेच्या टप्प्यात इतरांचे चालू स्क्रीन होते. त्यांचे गुण १७ टक्के कमी आले. एका छोट्या प्रयोगावर फार इमारत चढवू नये हे मला मान्य आहे. तरी मला लगेच आमचा बेंच आठवला. माझ्या शेजारी लातूरकडचा मित्र बसायचा. मी क्रिकेटचा स्कोअर बघायचो, आणि त्याची नजर दर मिनिटाला माझ्या मांडीकडे यायची. मला वाटायचं, त्यालाही मॅच बघायचीय. बहुतेक त्याला नको होतं. डोळे हलणाऱ्या गोष्टीकडे जातात, त्याला तो तरी काय करणार.

पण याच मित्रामुळे मला सरसकट बंदीही पटत नाही.

तो औसा तालुक्यातल्या एका गावातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. डोक्याने आमच्यात सगळ्यात तल्लख, पण लेक्चर इंग्रजीतून, तेही भरधाव. तो बेंचखाली फोन धरून शब्द बघायचा. 'एन्यूमरेबल' म्हणजे काय, 'क्लोजर' म्हणजे काय. बोर्डचा फोटो काढायचा, कारण ऐकणं आणि उतरवणं एकाच वेळी इंग्रजीत जमायचं नाही. पुढे कॉलेजने दाराशी कापडी कप्प्यांचा एक पडदा लावला, चपलांसाठी लावतात तसा, रोल नंबर टाकलेला. फोन त्यात ठेवायचा, सापडला तर पाचशे रुपये दंड. मी दोन फोन ठेवायला लागलो. एक जुना, बंद पडलेला, कप्प्यासाठी. त्याच्याकडे एकच होता. तो सेम त्याला जड गेला. नियम सगळ्यांना सारखा होता, पण झळ कोणाला लागली ते बघा. ज्याच्यासाठी फोन टवाळी होता, तो सहज सुटला. ज्याच्यासाठी तो आधार होता, तो सापडला.

आणि नियम करणाऱ्यांना तरी त्यावर विश्वास होता का? २०२० मध्ये माझी मावसबहीण बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. दीड वर्ष तिने फोनमध्ये कॉलेज केलं. माळ्यावर रेंज यायची म्हणून माळ्यावर बसून. फोन म्हणजेच वर्ग, फोन म्हणजेच हजेरी, परीक्षासुद्धा फोनवर. मग कॉलेज उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात सूचना लागली: वर्गात मोबाईल वापरल्यास जप्त. ती हसून सांगत होती, पण तिच्या हसण्यात माझ्या 'माझी फी' वाल्या मग्रुरीपेक्षा जास्त अर्थ होता.

आता माझ्या नोकरीबद्दल. पुढचं लिहायचा अधिकार असला, तर तो मला तिथून मिळतो.

मी एका अॅपच्या नोटिफिकेशन टीममध्ये तीन वर्षं होतो. आमचं काम म्हणजे कोणत्या युजरला, किती वाजता, कोणत्या शब्दांत हाक मारली की तो अॅप उघडेल हे ठरवणं. एकच निरोप दोन प्रकारे लिहायचा, अर्ध्यांना एक पाठवायचा, अर्ध्यांना दुसरा, जो जास्त उघडला जाईल तो ठेवायचा. यात कोणी दुष्ट नसतं. सगळे माझ्यासारखेच, डबा खाणारे, ईएमआय भरणारे. एकदा मी डॅशबोर्डवर अठरा ते बावीस वयोगट वेगळा काढून बघितला. संध्याकाळी उघडण्याचं प्रमाण चांगलं असणारच. पण दुसरा उंचवटा सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान होता. मी मॅनेजरला दाखवलं. तो म्हणाला, "मस्त, या स्लॉटमध्ये अजून एक टाकून बघू." मी टाकला. आकडा वाढला. माझ्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ती ओळ आहे.

अकरा ते चार म्हणजे काय, हे त्या खोलीत मला सगळ्यात नीट माहीत होतं. एखाद्या वर्गात एक मॅडम बोर्डकडे वळलेल्या असणार, आणि सत्तर मांड्यांवर मी एकाच वेळी टिचकी मारत असणार. त्यांच्याकडे खडू आणि एक बारीक आवाज. माझ्याकडे सर्व्हर, मागच्या सहा महिन्यांचा डेटा आणि शब्द निवडायला अख्खी टीम. अशा लढतीत 'मुलांनी लक्ष द्यायला हवं' असं म्हणणं मला आता जरा खोटं वाटतं. २००६ मध्ये आझा रस्किनने ते न संपणारं स्क्रोलिंग बनवलं आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. खंत करायला तो मोकळा झाला, पण गोष्ट कोट्यवधी हातांत राहिलीच. मी तर खंतही केली नाही, टीम बदलली.

पण मग सगळा दोष अॅपवाल्यांवर, म्हणजे आजच्या माझ्यावर, टाकून विशीतल्या मला मोकळं सोडायचं का? त्या अकरा सेकंदांसाठी मला कोणी नोटिफिकेशन पाठवलं नव्हतं. कॅमेरा मीच काढला. तेव्हा माझं लक्ष उडालेलं नव्हतं, उलट त्या सेममध्ये मी मॅडमकडे इतक्या एकटक बघितलं असेल तर तेव्हाच. म्हणजे नुसतं लक्ष देणंही पुरत नाही. शिकारीही लक्ष देऊनच बघतो. मांडीवरच्या फोनने मला एक जागा दिली होती, जिथून समोरचा माणूस दिसतो पण त्याला आपण दिसत नाही, आणि त्याचं अडणं हा आपल्यासाठी मजकूर होतो. वर्गात कोणी अडलं की पूर्वीही पोरं हसायची. पण ते हसू त्या माणसाला दिसायचं, हसणाऱ्याचा चेहरा दिसायचा, आणि तास संपला की तेही संपायचं.

अडण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पंपिंग लेमाचं प्रूफ बोर्डवर करताना कोणीही अडू शकतं. स्ट्रिंगचे तुकडे करायचे, कोणता तुकडा पंप करायचा ते सगळ्या शक्यता धरून बघायचं, 'प्रत्येकासाठी' आणि 'कुठल्यातरी एकासाठी' यांचा क्रम चुकला की सगळं कोसळतं. मी ते नंतर मुलाखतींच्या तयारीत स्वतः करून बघितलं, दोनदा अडलो. समोर विचार करत असलेला माणूस असाच दिसतो. पीपीटी वाचणारे सर कधी अडायचे नाहीत.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीशी या विषयावर वाद झाला. मी म्हटलं, हजेरीची सक्ती काढून टाका. ज्याला बसायचंय तोच बसेल, मग फोन बाजूला ठेव म्हणायला शिक्षकाला तोंड राहील. ती अमळनेरची. ती म्हणाली, "हजेरी कंपल्सरी नसती तर मला घरच्यांनी रोज पाठवलं असतं का? 'जायलाच पाहिजे असं नाही ना, मग राहा आज घरी,' असंच झालं असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तरी मला वाटतं की सक्तीने बसवलेल्या वर्गात नियम आणि पळवाट एवढंच उरतं. शब्द बघायला फोन लागतो म्हणणाऱ्याला तो वापरू द्यावा, घरी आजारी माणूस आहे त्याला बाकावर ठेवू द्यावा, फक्त उघड. मांडीवर नाही, बाकावर. समोरच्याला दिसेल असा. रेकॉर्ड करायचं तर विचारून. एवढं मला आज मागता येतं. यातलं किती पाळलं जाईल याचा भरवसा देता येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत मला एका कॉलेजने गेस्ट लेक्चरला बोलावलं. 'इंडस्ट्री एक्स्पर्ट', शाल, नारळ, सगळं. विषय सिस्टिम डिझाइन. पन्नासेक मुलं होती. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग एकेक मान खाली जायला लागली. पडदे ओढलेले होते, त्यामुळे खालून उजळलेल्या हनुवट्या स्पष्ट दिसत होत्या. मांडीवरचा फोन लपतो असं आम्हाला वाटायचं. समोरून सगळं दिसतं. मॅडमना सगळं दिसत असणार.

एका मुलाने लोड बॅलन्सरबद्दल प्रश्न विचारला. चांगला प्रश्न होता. मी बोर्डकडे वळून आकृती काढायला लागलो, आणि निम्म्यात लक्षात आलं की माझा बाण उलटा गेलाय. पुसला. परत काढला. परत काहीतरी चुकलं. मागे शांतता. मी वळलो तर तिसऱ्या रांगेतली एक मुलगी फोन समोर धरून रेकॉर्ड करत होती. खाली नाही, चेहऱ्यासमोर. नोट्ससाठी असेल. मित्राला पाठवायला असेल.

तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. मग म्हटलं, "थांबा, हे मला नीट आठवत नाहीये, आपण मिळून बघू." पहिल्या बाकावरचा मुलगा उठून बोर्डपाशी आला आणि त्याने बाण सरळ केला. ती मुलगी तेव्हाही रेकॉर्ड करतच होती. तास संपल्यावर तिला विचारायचं ठरवलं होतं, पण शाल घडी करून बॅगेत टाकेपर्यंत वर्ग रिकामा झाला होता.