पानात किती, बोंडात किती

कपाशीचं पान छोट्या नळीत चुरडायचं, द्रावण घालायचं आणि पट्टी बुडवायची. थोड्या वेळात दोन रेषा उमटल्या की झाड बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारं. कृषी महाविद्यालयात वर्षानुवर्षं ही चाचणी शिकवताना मला वाटत आलंय की ही पट्टी नुसती हजेरी घेते. प्रथिन आहे एवढं कळतं. ते कोणत्या भागात, कोणत्या वयात, किती तयार होतं हे कळत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न तर तिथूनच सुरू होतो.

बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये या प्रथिनाची मोजमापं प्रसिद्ध केली. प्रथिन सर्वांत जास्त पानांत. बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या अंडाशयात मात्र अपुरं. झाडाचं वय वाढेल तसं ते घटत जातं, आणि 110 दिवसांनंतर अळी मरण्यासाठी लागणाऱ्या पातळीच्याही खाली येतं. संकरित वाणागणिक फरक, तो वेगळाच. बोंडअळी खाते बोंड, आणि आपण तपासतो पान!

संकरित झाडात जनुकाची एकच प्रत असली, तर बोंडातल्या साधारण चौथाई सरकीत ते उतरतच नाही. अळीला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे मिळतात. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं जे नुकसान केलं, त्यामागे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही रानात राखलेलं पीक होतं, अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून लावायच्या बिगर-बीटी ओळी न लावणं होतं, लांब मुदतीचे वाण होते. पण या असमान मात्रेकडेही डोळेझाक करता येणार नाही. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमलणारी फुलं, दिसू लागेपर्यंत पट्टी दोन रेषा दाखवतच होती.

बाहेरून घातलेल्या जनुकामुळे झाडाची मूळची जनुकं बिघडतात का, ही शंकाही रास्त आहे. इंग्लंडमध्ये गव्हावर झालेल्या 2006 च्या अभ्यासात जनुकांतरित आणि मूळ गव्हात जनुकांच्या कामातला फरक नेहमीच्या पैदाशीच्या दोन वाणांतल्या फरकापेक्षा कमी निघाला. म्हणून सरसकट भीती मला पटत नाही, पण सरसकट भरवसाही पटत नाही. गव्हाचा निकाल मोहरीला लावता येत नाही. डीएमएच-11 या जनुकांतरित संकरित मोहरीतलं, परागकण तयार होऊ न देणारं बार्नेज जनुक परागकोशाच्या आतल्या थरातच जागं व्हावं, अशी त्याची रचना आहे. मग पानात, मुळात, दाण्यात ते खरोखर गप्प आहे का, हे वेगवेगळ्या हवामानात मोजूनच सांगायला हवं.

परवानगी देणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. सरासरीचा एक आकडा पुरे मानू नका. पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत, कोरडवाहू आणि ओलिताच्या रानात, झाडाच्या प्रत्येक भागाची मोजणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून करून घ्या आणि ते आकडे मराठीत, बियाण्याच्या पाकिटासोबत शेतकऱ्याच्या हाती द्या.