पहिले शील आणि आपले माळरान

धम्मदीक्षा घेतल्यानंतर आपल्या घरात काय बदलले, हे प्रत्येकाने एकदा आठवून पाहावे. देव्हारा गेला. जत्रेचा बोकड गेला, नवसाचा कोंबडा गेला. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील आपण इतर चार शीलांबरोबर उच्चारतो, आणि आपल्या हातात सुरी नाही तेव्हा ते आपल्याकडून पाळले जाते, असे समाधान मानतो. हे समाधान खोटे नाही. पिढ्यानपिढ्यांची रूढी एका दिवसात टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु एक प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवीत आहे. कोणी सुरी उचलली नाही, कोणी दगड मारला नाही, तरीही एखाद्या जिवाचा वंशच नाहीसा होत असेल, तर ती हिंसा कोणाची? आणि ज्याचा हात रक्ताने भरलेला नाही, त्याचे शील शाबूत राहिले असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न हवेतला नाही. आपल्याच अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला आहे.

कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या तालुक्यांचे माळ एके काळी माळढोक पक्ष्याचे घर होते. मीटरभर उंचीचा, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाणारा हा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत इतका जड पक्षी जगात क्वचितच आढळतो. टोळ, किडे, सरडे, सांडलेले धान्य हे त्याचे खाणे. तो झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या माळावर, जमिनीवरच मादी बहुधा एकच अंडे घालते. म्हणजे ज्याला आपण ओसाड म्हणतो, तोच त्याचा पाळणा. १९७९ साली शासनाने सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्यात गावे होती, लोकांची मालकीची शेते होती. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर आणि इतर वापरावर अडचणी आल्या, लोक चिडले, आणि पुढे २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. कागदावर अभयारण्य मोठे होते तेव्हाही पक्षी घटत होता, लहान झाल्यावरही घटतच राहिला. आज आपल्या जिल्ह्याच्या माळावर तो दिसेनासा झाला आहे. साऱ्या भारतात दीडशेहून कमी माळढोक उरले असून त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटी गवतात आहेत.

त्याला कोणी मारले? शिकाऱ्यांनी काही मारले, हे खरे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्यानंतरही तो वाचला नाही. माळाला कालव्याचे पाणी आले, नांगर लागला. जेथे पाणी नव्हते तेथे विहिरी खोल गेल्या. जेथे नांगर लागला नाही तेथे 'ओसाड जमीन हिरवी करा' म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. झाड लावणे हे पुण्यकर्म, अशी आपली समजूत. पण ज्या जिवाला चहूकडे नजर पोहोचेल असा उघडा माळ लागतो, त्याच्या घरात झाड लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे होय. वरून विजेच्या तारा आल्या. माळढोकाची नजर समोर कमी आणि बाजूला जास्त चालते, शरीर जड, त्यामुळे तार दिसेपर्यंत वळायला अवसर राहत नाही. राजस्थान-गुजरातेत या तारा जमिनीखाली घाला, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. तो २०२४ साली सौर विजेच्या गरजेकडे बोट दाखवून बदलावा लागला. तार ओढणाऱ्याच्या मनात पक्ष्याबद्दल वैर नव्हते. झाड लावणाऱ्याच्या मनात तर भलेच होते. तरीही पक्षी गेला.

मी शाळेत शिकवतो. सहावीच्या वर्गाला मी विचारले, "आपल्या गावच्या माळावर काय आहे?" साऱ्या वर्गाने एका आवाजात उत्तर दिले, "काही नाही, गुरुजी." मग एकेकाला विचारीत गेलो. कुणी कुसळी आणि मारवेल गवत सांगितले, कुणी तित्तर, कुणी चंडोल. एकाने खोकड पाहिले होते. धनगराच्या मुलाने लांडगा सांगितला. काळवीट तर बहुतेकांनी पाहिले होते, कारण रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आमच्या तालुक्यातच आहे. अर्ध्या तासात फळा भरला. मुले सारे काही जाणत होती, तरी पहिले उत्तर 'काही नाही' असेच आले. हे उत्तर त्यांना कोणी शिकवले?

बंधू-भगिनींनो, ते एका शब्दाने शिकवले. तो शब्द म्हणजे 'पडीक'. महसुलाच्या दप्तरात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. १९८५ साली केंद्र शासनाने पडीक जमिनींच्या विकासासाठी मंडळच नेमले. एखाद्या गोष्टीला एकदा निरुपयोगी ठरवले, की मग तिचे काहीही करायला मोकळीक मिळते. कोणाला विचारावे लागत नाही, कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

हा डाव आपल्याला नवा आहे काय? गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना असेच एका शब्दात बसवले होते. शब्द आधी आला, त्यामागून अन्याय आला, आणि अन्याय करणाऱ्याला तो अन्याय वाटेनासा झाला. म्हणून मला वाटते, 'पडीक' या शब्दाची तपासणी करण्याचा अधिकार, आणि जबाबदारीही, इतरांहून आपली अधिक आहे.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक आक्षेप उठेल. तो रास्त आहे. आपण म्हणाल, "गुरुजी, महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जनावरांचा पुळका आणि माणसाचा तिरस्कार, हे आपण भोगले आहे. आता पक्ष्यासाठी पुन्हा आम्हालाच जमिनीवरून उठवणार काय? गायरानाच्या तुकड्यासाठी आमच्या बापजाद्यांनी तुरुंग पाहिला आहे."

हे अक्षरशः खरे आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे १९९१ साली शासनाने निर्णय काढला आणि दलितांनी १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरानावर कसायला घेतलेल्या जमिनी नियमित करण्याचे मान्य केले. तरीही सात-बाऱ्यावर नाव लागावे म्हणून कित्येक कुटुंबे आजही खेटे घालीत आहेत. अशा माणसाला करुणेचा उपदेश करून त्याचा तुकडा सोडायला सांगणे, हे धम्माच्या नावाने अधम्म करणे होईल.

मग मार्ग कोणता? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची उकल करताना एक भेद दाखवून दिला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे झाकून पाळायचा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. हाच भेद आपण माळाला लावून पाहू.

भूमिहीनाने गायरानाच्या दोन एकरांत बाजरी-ज्वारी पेरली, ही गरज आहे. आणि लक्षात घ्या, कोरडवाहू ज्वारीने माळढोक संपला नाही. ज्वारी-भुईमुगाच्या शेतांत आणि पडलेल्या रानात तो खाणे टिपत फिरत असे. काळवीटही तसेच. धनगराच्या मेंढ्या आणि हे प्राणी यांनी एकाच माळावर शेकडो वर्षे काढली. तोल गेला तो बारमाही पाणी, बारमाही पीक आणि एकही इंच मोकळा न सोडण्याची हाव यांनी. आपल्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मागोमाग अनेक झाले. कुकडी आणि घोडचे पाणी श्रीगोंदा-कर्जतच्या माळापर्यंत गेले. उसाने कित्येक घरे उभी केली, हे मी नाकारीत नाही. पण पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात उसाखाली किती रान घालायचे, हा प्रश्न गरजेचा राहिला नाही, इच्छेचा झाला. आणि उसाच्या फडात घाम आपला असतो, फड मात्र बहुधा दुसऱ्याचा.

या हावेची किंमत कोण मोजतो, तेही पाहा. उसाने माळावरचे जीव घालवले आणि बिबट्याला घर दिले. बारा महिने दाट, ओलावा असलेला, माणसाच्या उंचीहून मोठा आडोसा त्याला मिळाला. अकोले खोऱ्यात झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे तेथे माणसांच्या वस्तीतच राहतात. त्यांच्या खाण्याचा ३९ टक्के भाग गावची कुत्री, असेही तेथे दिसून आले. कुत्री उकिरड्यावर जगतात, बिबट्या कुत्र्यांवर. शेजारच्या जुन्नर भागात बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याचा मार्ग २००१ पासून वापरला गेला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. एक पिंजऱ्यात गेला की त्याच्या मोकळ्या जागी दुसरा येतो, आणि नेऊन सोडलेला बिथरतो. ज्याचा बंगला आहे, त्याचे दार बंद होते. ज्याची उसाच्या कडेला पाचटाची कोपी आहे, जो मेंढ्यांजवळ उघड्यावर झोपतो, त्याचे लेकरू धोक्यात येते. म्हणून माळढोकाचा प्रश्न आणि ऊसतोड मजुराचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जमिनीला पडीक म्हणणारा आणि मजुराला किंमत न देणारा व्यवहार एकच आहे.

तेव्हा पहिले शील हातातल्या सुरीपाशी थांबत नाही. आपल्या कृतीने, आपल्या मागणीने, आपल्या मौनाने कोणाचे घर मोडते, तेथपर्यंत ते जाते. तथागतांनी मैत्रीची कक्षा माणसापुरती आखली नव्हती, आणि करुणेपासून प्रज्ञा वेगळी केली नव्हती. प्रज्ञेवाचून करुणा माळावर झाडे लावीत सुटते. करुणेवाचून प्रज्ञा हिशेब करते आणि माणूस-पक्षी दोघांना वजा करते.

आपण काय करू शकतो? मोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. उन्हाळ्यात माळाचे गवत पेटवू नये. जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची पिल्ले त्यात जळतात. रानडुक्कर येते म्हणून कुंपणाला विजेची तार जोडू नये. ती माणूसही मारते. हरणांनी पीक खाल्ले तर विष घालू नये. वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाई हक्काने मागावी. ऊस तोडताना बिबट्याची पिल्ले सापडली तर त्यांना हात न लावता तेथून दूर व्हावे. आई त्यांना नेते. वस्तीजवळ खरकटे आणि मेलेली जनावरे टाकू नयेत, आणि अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नये. ग्रामसभेत वृक्षारोपणाचा ठराव आला, तर उठून विचारावे, ही झाडे कोठे लागणार? रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, बांधावर लावा, पण गवताचा माळ गवताचाच राहू द्या. आणि त्याच ग्रामसभेत, त्याच आवाजात, कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावाचाही आग्रह धरावा. एक मागणी करताना दुसरी गिळू नये.

बंधू-भगिनींनो, माळढोक आपल्या माळावर परत येईल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. पण रेहेकुरीला अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात १९८० पासून काळवीट टिकून आहे. आजूबाजूच्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पिकांतून तो रोज ये-जा करतो, आणि त्या शेतकऱ्यांचे नुकसान होऊनही तो जिवंत आहे. त्या साध्या माणसांनी सोसले म्हणून हे झाले. धम्म ग्रंथात आहे, तसा तो या सोसण्यातही आहे. मात्र सोसणे एकट्या गरिबाच्या वाट्याला येऊ नये, हे पाहणेही धम्मच आहे.

आपल्या मुलाला विचारा, "माळावर काय आहे?" तो "काही नाही" म्हणाला, तर त्याला सोबत घेऊन माळावर जा.

जय भीम.