वाळवंटातला चातुर्मास

एप्रिल सरत आला की दोह्यातल्या योगवर्गांचा मुक्काम हलतो. ऑक्टोबरपासून अल बिद्दा पार्कच्या हिरवळीवर किंवा इस्लामिक कला संग्रहालयाला लागून असलेल्या बागेत, समुद्राकडे तोंड करून अंथरलेल्या चटया एकेक करून गुंडाळल्या जातात. कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे हिवाळाभर शुक्रवारची सकाळ ही वर्गाची हक्काची वेळ. मे महिन्यात मात्र सकाळी सातलाच ऊन पाठ भाजायला लागतं, आणि जूनमध्ये तर सूर्य पावणेपाचच्या सुमारासच वर येतो. मग वर्ग घरात येतो. सोफा भिंतीला लागतो, टीपॉय आतल्या खोलीत जातो आणि दिवाणखान्यात पाच-सहा जणींना पुरेल एवढी जागा होते. शिकवणारी मराठी असली तर तिला कोणी ताई म्हणतं, मुलं काकू म्हणतात, केरळी शेजारीण चेची म्हणते.

या हलवाहलवीकडे बहुतेक जण नाइलाज म्हणून बघतात. उन्हाळा कसाबसा काढायचा आणि ऑक्टोबरची वाट बघायची, असा एकंदर सूर असतो. पण अशा दिवसांसाठी मराठी माणसाकडे एक जुना, भरलेला शब्द आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत पावसाने वाटा बंद झाल्या की संन्यासी एका गावी थांबत. घरोघरी पोथी लागे, कोणी एखादा पदार्थ सोडी, कोणी लाख वाती वळायचा नेम धरी. बाहेरची कामं अडली म्हणून आतली कामं हाती घ्यायची, हा चातुर्मास. कतारमध्ये जून ते सप्टेंबर असेच चार महिने उन्हाने वाटा बंद होतात. तो तिथला चातुर्मास आहे, असं मानून योग शिकवला तर उन्हाळ्याचे चार महिने वर्षातले सर्वांत कसदार महिने ठरू शकतात.

ऋतूचा विचार योगाला नवा नाही. घेरंड संहितेच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत अभ्यासाचा आरंभ करू नये, तो वसंतात किंवा शरदात करावा. इथे ‘आरंभ’ या शब्दाकडे नीट पाहायला हवं. जो करतो आहे त्याने थांबावं, असं ग्रंथ म्हणत नाही. नवशिक्याला मात्र तो सौम्य हवेत उंबरठा ओलांडायला सांगतो. दोह्याचं हवामान आणि ही जुनी सूचना यांचा मेळ चकित करणारा आहे. तिथे घराबाहेर सुखाने बसता येतं ते साधारण शरदापासून वसंतापर्यंतच. कतारने आपला राष्ट्रीय क्रीडादिनही 2012 पासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ठेवला आहे, तो याच समजुतीने. त्या दिवशी देशाला सुट्टी असते आणि बागा माणसांनी भरतात.

जागतिक योगदिन मात्र येतो 21 जूनला. 27 सप्टेंबर 2014 रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याचा प्रस्ताव मांडला, 11 डिसेंबरला 177 देशांच्या सहप्रायोजकत्वाने तो संमत झाला. उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणून ही तारीख निवडली गेली. युरोपात त्या दिवशी हिरवळीवर बसण्यात आनंद आहे, महाराष्ट्रात पहिल्या पावसाचा गारवा असतो. दोह्यात तेव्हा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसाच्या उत्साहात नवी माणसं वर्गाला येतात. भारतीय समुदायाने तिथे केलेला सर्वांत गाजलेला कार्यक्रम झाला तो 25 मार्च 2022 रोजी. भारतीय दूतावासाच्या छत्राखाली इंडियन स्पोर्ट्स सेंटरने भरवलेल्या त्या योगवर्गात 114 देशांचे नागरिक एकाच वेळी बसले आणि गिनीजने त्याची विक्रम म्हणून नोंद केली. मार्चअखेर म्हणजे वसंत. तारीख ठरवताना संहिता कोणी उघडली नसेल, पण ऋतूने आपलं काम केलं.

हा उन्हाळा किती कडक असतो, हे आकड्यांतच सांगावं लागेल. 14 जुलै 2010 रोजी दोह्यात 50.4 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जून-जुलैत वायव्येकडून शमाल वारा धूळ घेऊन येतो. ऑगस्टमध्ये वारा पडतो आणि आखाताचं कोमट पाणी हवेत चढतं. हा दमट महिना कोरड्या महिन्यांपेक्षा घातक. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेलं पाणी उडून जातं म्हणून, आणि माणसाचं शरीरही घामाने तसंच गार राहतं. हवाच ओलीचिंब असली तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि उष्णता आतच कोंडते. म्हणून तिथला कायदा साध्या तापमानावर थांबत नाही. ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक 32.1 अंशांच्या वर गेला तर वेळ कोणतीही असो, उघड्यावरचं काम थांबवावं लागतं. शिवाय 2021 च्या नियमानुसार 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करायला बंदी आहे.

या नियमामागे माणसं आहेत. कतारमधल्या नेपाळी कामगारांचे हृदयविकाराने झालेले मृत्यू आणि उन्हाळ्याची तीव्रता यांचा संबंध दाखवणारा अभ्यास 2019 मध्ये ‘कार्डिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. योगवर्गाच्या लेखात हे कशाला, असं कोणाला वाटेल. पण ज्या शहरात वातानुकूलित दिवाणखान्यात शीतली प्राणायाम शिकवला जातो, त्याच शहरात दुपारी साडेतीननंतर पुन्हा उन्हात उतरणारे भारतीय आहेत. तिथल्या सुमारे आठ लाख भारतीयांपैकी फार मोठा भाग कष्टकऱ्यांचा आहे. त्यांना सूर्यनमस्कारांची गरज नाही, शरीर दिवसभर पुरेसं वाकलेलं असतं. त्यांना हवी विश्रांती: पोटऱ्या खुर्चीवर टेकवून पंधरा मिनिटं पाठीवर पडणं, श्वास सावकाश सोडणं, आणि चक्कर, मळमळ, घाम अचानक थांबणं ही उष्माघाताची लक्षणं ओळखणं. कामगारांच्या वसाहतीत महिन्यातून एखादी संध्याकाळ एवढं शिकवायला कुठल्या मोठ्या साहित्याची गरज पडत नाही.

दिवाणखान्यातल्या वर्गाचे प्रश्न वेगळे. बाहेर पंचेचाळीस, आत एकवीस. मोटारीतून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून थंडगार खोलीत आलेलं शरीर उन्हाळ्यातही आखडलेलंच असतं. अशा शरीराला थेट पश्चिमोत्तानासनात वाकवलं की मांडीची मागची शीर धरलीच म्हणून समजा. चांगली शिक्षिका आधी एसी चार अंशांनी वर घेते, मग दहा मिनिटं नुसत्या सांध्यांच्या हालचाली करून घेते. बायकांच्या पाठदुखीत ‘ड’ जीवनसत्त्वाची चौकशी करायला ती विसरत नाही. सूर्याने भरलेल्या या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण ऊन टाळण्यातच आयुष्य जातं. आणि उष्णतेचं आकर्षण वाटणाऱ्यांना ती रोखते. जगात चाळीस अंश तापवलेल्या खोलीत आसनं करण्याची एक पद्धत प्रसिद्ध आहे. थंड देशांत त्या खोलीतून बाहेर गारव्यात येता येतं. दोह्यात जुलैत बाहेर जाऊन पुन्हा तेच भेटतं.

सूर्यनमस्काराचंही ऋतूप्रमाणे माप ठरवावं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, शाळाशाळांतून तो नेला, इंग्रजीत पुस्तक काढून परदेशी पोहोचवला. पण औंधची पहाट आणि दोह्याची पहाट एक नव्हे. दोह्यात जूनमध्ये सहा नमस्कार, संथ, दर दोन नमस्कारांमध्ये पूर्ण श्वास ठेवून, हे बारांपेक्षा जास्त काम करतात. उरलेला वेळ श्वासाला द्यावा. योगदिनाच्या भारत सरकारच्या सामायिक अभ्यासक्रमात शीतली प्राणायाम आहे. जिभेची नळी करून आत घेतलेली हवा ओल्या जिभेवरून जाते आणि तोंड गार पडतं, पुन्हा माठाचाच न्याय. त्याने ताप उतरत नाही की ऊन बाधायचं राहत नाही, हे मात्र शिकवतानाच सांगितलं पाहिजे.

असं मोजूनमापून शिकवण्याची परंपरा मराठी मुलखाचीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि आसनात शरीराच्या आत काय घडतं हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासलं. दोह्यातल्या शिक्षिकेकडे प्रयोगशाळा नाही, पण वही आहे. वर्गाआधीची नाडी, नंतरची नाडी, खोलीचं तापमान, कोणाला कधी गरगरलं: चार महिन्यांत त्या वहीत जे साठेल ते तिथल्या हवेतलं, तिथल्या शरीरांचं ज्ञान असेल. ते पुण्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि चातुर्मासात वाती वळायच्या त्या हातांचं काय? इथे गोधडी येते. महाराष्ट्रात गोधड्या शिवायचे दिवस उन्हाळ्याचेच. शेतीची कामं उरकलेली, दुपार लांब, पावसाआधी पांघरुणं व्हायला हवीत. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ताणून घालायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. नऊवारी साधारण आठ मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी जास्त रुंद. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करून प्रत्येक रुंदीत दुमडला की आठ थर होतात, आणि आकार बरोबर एका माणसाच्या चटईचा. दोन साड्यांत वज्रासनाला आणि शवासनाला मऊ, उबदार आसन तयार. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून उभ्या आसनांना रबरी चटईच हवी. पण बसून करायच्या प्राणायामाला, एसीने गार पडलेल्या फरशीवर, बाजारातली कुठलीही चटई गोधडीची बरोबरी करत नाही.

बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले आणि पुढे त्यांनी विटा, दोर, पट्टे, ब्लँकेटं, खुर्च्या अशा साध्या वस्तूंमधून आसनांची साधनं घडवली. ज्याचं शरीर पोहोचत नाही त्याच्यापर्यंत आसन नेण्याची ती युक्ती होती. आज ती साधनं जगभर विकत मिळतात, आणि विकत मिळू लागल्यावर ती करायची असतात हे लोक विसरले. वर्गानंतरचा अर्धा तास ओढणीचा पट्टा शिवायला, जुन्या उशांचा लोड भरायला, गोधडीचा एक पदर पुढे न्यायला दिला तर वर्गाचं रूपच पालटतं. सुईत बोटं गुंतली की श्वास आपोआप लांबतो, हे शिवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावं. धावदोऱ्याचं अंतर सारखं ठेवणं आणि श्वासाची लांबी सारखी ठेवणं यांत लागणारा धीर एकाच जातीचा आहे.

कतारच्या जुन्या बायकांनाही हा धीर ठाऊक होता. बेदुइन तंबूत जमिनीवर आडवा माग ठोकून त्या मेंढीच्या, शेळीच्या, उंटाच्या लोकरीचे पट्टे विणत, त्याला सदू म्हणतात. लाल-काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांच्या त्या पट्ट्यांतून तंबूच्या भिंती आणि उंटांचे साज तयार होत. 2020 मध्ये युनेस्कोने सौदी अरेबिया आणि कुवेतच्या नावे सदूची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. एखादीने दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात सदूचा पट्टा हातात घेऊन उलट बाजू पाहिली, तर आजीच्या गोधडीची आठवण होईलच.

जूनअखेर वर्ग अर्धा रिकामा होतो. आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि लांब सुट्टी जुलै-ऑगस्टला मिळते. आया मुलांना घेऊन गावी जातात, वडील मागे राहतात. त्या मुलांच्या मनात ‘उन्हाळ्याची सुट्टी’ म्हणजे पाऊस, छत्री आणि मामाच्या अंगणातला चिखल. ती पोहोचतात तेव्हा हापूस संपलेला असतो. आंबा त्यांनी मे महिन्यात दोह्यातच खाल्लेला असतो, जिथे तो ‘हंबा’ या नावाने ओळखला जातो. 2024 च्या मे-जूनमध्ये सूक वाकिफमध्ये भारतीय आंब्यांचं प्रदर्शन भरलं, तेही त्याच नावाने. मागे राहिलेल्या पुरुषांसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग ठेवावा. घर रिकामं झालं की त्यांचं जेवण बिघडतं, झोप बिघडते आणि टीव्ही रात्री दोनपर्यंत चालतो.

या चार महिन्यांना शेवट आहे, आणि तो आकाशात दिसतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, अरबी गणनेप्रमाणे 24 तारखेच्या सुमाराला, पहाटे दक्षिण क्षितिजावर सुहैल तारा उगवतो. तो दिसला की उन्हाचं कंबरडं मोडलं, असं आखातातले लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. उकाडा त्यानंतरही काही आठवडे रेंगाळतो, पण रात्रीचा पारा उतरू लागतो. हाच तारा आपल्याकडे अगस्त्य. त्याचा उदय झाला की वर्षाऋतू सरत आला, गढूळ पाणी निवळलं, अशी आपल्या पूर्वजांची खूण होती.

तेव्हा जुलैत गावी जाणाऱ्यांना एकच सांगणं आहे. परतीच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी आजीच्या दोन जुन्या, धुवून मऊ झालेल्या नऊवारी ठेवा. वजन किलोभर होईल. सुहैल उगवायच्या आत परत आलात तर गोधडी शिवायला सप्टेंबर सगळा हातात आहे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी ती अल बिद्दाच्या हिरवळीवर अंथरता येईल.