तिकीट न देता घेतलेले पैसे



चौल-भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगराला सातशेच्या वर पायऱ्या आहेत. यात्रेच्या दिवसांत त्या चढताना ओळखीची माणसे भेटतात, आणि गेली काही वर्षे त्यांतली निम्मी तरी मला थांबवून एकच गोष्ट म्हणतात, "दत्तानं वाचवलं हो तुम्हाला!" मी हात जोडतो, "त्याचीच कृपा" म्हणतो आणि दम लागल्याचं निमित्त करून बाजूला टेकतो. खरं तर दम लागलेला नसतो. मी त्या वाक्यापाशी अडकतो. का अडकतो ते अंकासाठी लिहून द्या असं मंडळींनी सांगितलं, म्हणून हा खटाटोप. मी लेखक नव्हे. एकतीस वर्षे एस.टी.त कंडक्टर होतो, त्यामुळे हिशेब जुळला नाही की झोप लागत नाही, एवढंच.

माझा आजार तोंडाचा. २०१६ साल. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा होता, त्याचा व्रण झाला, तो भरेना. कारण शोधायला लांब जायला नको होतं. तंबाखू आणि चुन्याची डबी वयाच्या विसाव्या वर्षापासून खिशात होती. रात्रीच्या गाडीला झोप येऊ नये म्हणून सुरू केली आणि मग झोपतानाही लागू लागली. परळच्या टाटा रुग्णालयात गाल, ओठाचा कोपरा आणि जबड्याचा तुकडा काढला. छातीचं मांस वर आणून तिथे शिवलं. नंतर तीस वेळा किरणोपचार, ज्याला तिथे सगळे 'लाईट' म्हणतात. लाळ आटली ती आजतागायत. दोन घोट पाणी घेतल्याशिवाय चार वाक्यं बोलता येत नाहीत. सुरुवातीला ओठ मिटत नसत, त्यामुळे 'दिगंबरा' म्हणताना त्यातला 'ब' काही केल्या फुटायचा नाही. आरतीत मी नुसता टाळ्या वाजवत उभा राहायचो.

हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यामागची ही कथा. म्हणजे ज्या दारातून मी जिवंत बाहेर आलो, ते दार एका न वाचलेल्या बाईच्या पाठी उभं राहिलं आहे. हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर बराच वेळ डोक्यातून जाईना.

उपचारांच्या काळात आम्ही दोघं नवरा-बायको दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे यवतमाळकडचा एक शेतकरी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन होता. मुलाला रक्ताचा कर्करोग. मी कंडक्टर आहे हे कळल्यावर पोरगा मला सोडेना. घंटी एकदा मारली तर काय, दोनदा मारली तर काय, गाडीत बकरी चढली तर तिचं तिकीट किती, असले प्रश्न. मला बोलता येत नव्हतं, मी वहीवर लिहून उत्तरं द्यायचो. त्याच्या आईने माहूरला दत्तशिखरावर नवस बोलला होता. माझ्या बायकोने आपल्या चौलच्या डोंगरावर. देव एकच, डोंगर दोन.

मी घरी आलो. चार महिन्यांनी त्या शेतकऱ्याचा फोन आला. "पोरगं गेलं जी, भाऊ." आणि लगेच, "तुमची तब्येत कशी हाये?"

आता सांगा, "दत्तानं वाचवलं" या वाक्याचं मी काय करू? मला वाचवलं हे खरं असेल, तर त्या पोराच्या बाबतीत काय झालं? माहूरपर्यंत पोचायला दत्ताला उशीर झाला? ज्याची शेज माहूरला असं आपण रोज म्हणतो, त्याला?

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर आहे. पूर्वकर्म. माझ्याबाबतीत ते बसतं. माझं पूर्वकर्म खिशातल्या डबीत होतं. त्या पोराचं कुठे होतं? "मागच्या जन्मीचं," असं एक गृहस्थ मला ओट्यावर बसून समजावत होते. मी त्यांना म्हटलं, मुलाच्या बापाचा नंबर आहे माझ्याकडे, लावून देतो, त्यांना सांगा. ते उठून गेले. कर्मसिद्धान्त मी नाकारत नाही, माझी तेवढी पोच नाही. पण तो स्वतःच्या वागण्याकडे बघण्यासाठी दिलेला आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट करण्यासाठी नव्हे, असं मी समजतो. ज्याचं घर रिकामं झालं त्याच्या तोंडावर जे बोलवत नाही, ते त्याच्या पाठीमागेही बोलू नये.

दुसरं उत्तर नव्या पद्धतीचं. "तुमची जिद्द! तुम्ही झुंजलात म्हणून जगलात." कसला झुंजलो? मी आडवा पडलो होतो. झुंजले ते डॉक्टर आणि नळीतून भरवणारी बायको. आणि हे वाक्य जरा उलटं करून पाहा. मग जे गेले ते जिद्दीत कमी पडले? नऊ वर्षांचं पोर सलाईन लावलेल्या हाताने गाडीची चित्रं काढत होतं, त्याची जिद्द कमी?

तिसरं उत्तर भाविकांचं, आणि ते मला सगळ्यांत गोड वाटतं, म्हणून त्याची भीतीही वाटते. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाची कथा आहे. घरात दुसरं काही नाही, दारच्या घेवड्याच्या शेंगांवर गुजराण. श्रीगुरू भिक्षेला आले, तीच भाजी जेवले आणि जाताना तो वेल उपटून गेले. घरात रडारड. मग ब्राह्मण वेलाचं मूळ खणायला गेला तर खाली द्रव्याचा कुंभ. हा अध्याय वाचून कोणी मला म्हणतं, तुमचा आजार म्हणजे उपटलेला घेवडा, खाली बघा, धन असेल. मी बघितलं. काही मिळालंही. तंबाखू सुटली, भाऊबंदकीतला एक जुना दावा मी सोडून दिला, पहाटे उठू लागलो. पण याला मी सोन्याचा हंडा म्हणणार नाही. कारण तसं म्हटलं की शेजारच्या अंगणातही वेल उपटला गेला आणि खाली नुसती माती निघाली, हे सांगायचं राहून जातं. ती कथा त्या ब्राह्मणाची आहे आणि त्याच्यापुरती खरी आहे. तिचा नियम करायला मी कोण?

मला जवळची वाटली ती वेगळीच जागा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी ही यादी आपल्याला पाठ असते. पण ती संपल्यावर तो आणखी एक म्हणतो, हा माझा देहही माझा गुरूच. तो शेवटी कोणाचा तरी घास होणार हे ठाऊक ठेवून त्याच्याकडून जेवढं काम घेता येईल तेवढं घ्यावं, असा त्या बोलण्याचा मला लागलेला अर्थ. माझ्या देहाने मला एक गाल देऊन शिकवलं. आता काम कसलं घ्यायचं?

२०२२ च्या पावसाळ्यात दादरला राहणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला येता का? कर्करोगाच्या गरीब रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी. सहाएक किलोमीटरची ड्रीम रन असते, घड्याळ लावत नाहीत, चाललात तरी चालतं. फक्त आपापल्या माणसांकडून पैसे जमवायचे." मी हसलो. धावून कुणाचा आजार बरा होतो? तिने मला टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली. कॅनडातला मुलगा. १९७७ साली हाडाच्या कर्करोगाने उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. रुग्णालयात लहान मुलांचे हाल पाहिले ते त्याला सोसवले नाहीत. १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व टोकाकडून धावायला निघाला. रोज जवळपास ४२ किलोमीटर, १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. प्रत्येक देशबांधवाने संशोधनासाठी एक डॉलर द्यावा एवढंच मागणं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला थांबावं लागलं, आजार फुप्फुसांत गेला होता. २८ जून १९८१ ला तो गेला, वय २२. पुढे त्याच्या नावाने देशोदेशी धाव होऊ लागली, मुंबईतही झाली आहे.

मी भाचीला विचारलं, "म्हणजे तो धावला म्हणून वाचला नाही?" ती म्हणाली, "नाही." तेव्हा मी हो म्हटलं. वाचल्याची किंमत म्हणून धावायचं असतं तर मी गेलो नसतो.

सरावाला दत्ताचा डोंगर होताच. पहाटे पाण्याची बाटली घेऊन शंभर पायऱ्या, मग दोनशे. दिवाळीपर्यंत न थांबता वर पोचू लागलो. हा भाग सोपा. अवघड होतं पैसे मागणं.

एकतीस वर्षे मी लोकांकडून पैसे घेतले, पण प्रत्येक वेळी हातात तिकीट ठेवून. आता काही न देता हात पुढे करायचा. संस्थेची पावती नंतर येणार होती, पण तिकिटावर माणूस कुठेतरी पोचतो, पावतीवर पोचत नाही. पहिले आठ दिवस मी पिशवी घेऊन रेवदंड्याच्या बाजारपेठेत जायचो आणि नारळ घेऊन परत यायचो. तेव्हा समजलं, दत्तसंप्रदायात भिक्षेला एवढं महत्त्व का असेल. आपण दान देणाऱ्याचा अहंकार जातो म्हणतो. मागणाऱ्याचा त्याच्या आधी जावा लागतो. झोळी घेतलेल्या दत्ताची तसबीर घरात लावणं वेगळं, झोळी घेणं वेगळं.

चहाच्या टपरीवर एकाने सरळ विचारलं, "तंबाखू तुम्ही खाल्लीत, पैसे आम्ही का द्यायचे?" प्रश्न रास्त होता. मी गडबडलो आणि म्हणालो, "माझ्यासाठी नाही हो, लहान मुलं असतात तिथे, त्यांचा काय दोष?" आणि मग यवतमाळच्या त्या पोराची गोष्ट सांगितली, घंटीसकट. टपरी गप्प झाली. त्या माणसाने पाचशेची नोट काढून दिली.

रात्री जेवण गेलं नाही. एक तर मी पोराचं मरण वापरलं, आणि चांगलं वापरलं, म्हणजे नोट मोठी आली. दुसरं त्याहून वाईट. निर्दोष मुलांना मदत करा म्हणताना मी माझ्यासारख्या तंबाखूवाल्यांना रांगेतून बाहेर काढलं होतं. टाटामध्ये मला खाटेवर घेताना कोणी विचारलं नव्हतं की हे तुम्ही स्वतः ओढवून घेतलंत का. विचारलं असतं तर मी आज नसतो. त्या दिवसापासून ठरवलं, पोराची गोष्ट सांगायची नाही. कोणी तंबाखूचं काढलं तर म्हणायचं, "होय, मी खाल्ली. खाणाऱ्यांसाठीही मागतोय." आणि मधमाशीसारखं थोडं थोडं घ्यायचं, एका घरातून शंभराच्या वर नाही. आज इथे ती गोष्ट लिहिली, ती कोणाकडे काही मागायचं नाही म्हणून.

त्या नियमाचंही सांगतो. पुण्याचे एक नातेवाईक दहा हजार द्यायला निघाले. मी ऐटीत म्हटलं, माझ्याकडे शंभरच, बाकीचे थेट संस्थेला पाठवा. त्यांनी ना शंभर दिले ना पाठवले. बायको म्हणाली, "अहो, ते दहा हजार तुमचे होते का नाकारायला? नियम तुमचा, उपाशी राहणार दुसरं कुणी." यावर मला आजही उत्तर नाही. कोळीवाड्यातल्या एका म्हातारीने मात्र टोपलीतून दहाच्या ओल्या नोटा काढून मोजून शंभर दिले आणि बजावलं, "नीट धाव रे." सगळे मिळून २३,४६० रुपये जमले.

१५ जानेवारी २०२३. करोनामुळे दोन वर्षे मॅरेथॉन झाली नव्हती, त्यामुळे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर मुंगीला जागा नव्हती. कोणी मावळा झालेलं, कोणी झाड. एका स्वयंसेवक मुलीने मला छापील बनियन दिला, त्यावर 'मी कॅन्सरला हरवले'. नको वाटत होता. पण पोरगी इतकी उत्साहात होती, घातला. वाटभर लोक टाळ्या वाजवून "काका, शाब्बास" म्हणत होते आणि मला छातीवरच्या अक्षरांची लाज वाटत होती. निम्मं धावलो, निम्मं चाललो, सात वेळा पाणी प्यालो. मनात नाम चालू होतं. 'ब' आता फुटतो. संपवायला सव्वा तास लागला. शेवटी पदक गळ्यात घातल्यावर फोटो काढून घेतला, तो घरात लावला आहे, तेव्हा अहंकार गेला वगैरे काही म्हणत नाही.

संध्याकाळी यवतमाळला फोन लावला. सगळं सांगितलं, आणि टपरीवरचंही सांगितलं. "तुमच्या पोराचं नाव सांगून मी एकदा पैसे घेतले. तुम्हाला न विचारता."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "किती भेटले जी?"

"पाचशे."

"त्याला घंटी मारून दाखवली होती, तेबी सांगितलं का?"

"सांगितलं."

"मंग असू द्या." थोडं थांबून म्हणाले, "माझे बी शंभर घेता का?"

मी घेतले. २३,५६०.